सुई गप्प झाली की थांबायचं

४ मार्च, सकाळी ६ वाजून १० मिनिटं

बुटांना मेण लावत होतो तेव्हा ताईने ही वही आणून दिली. म्हणाली, नवीन काम शिकतोयस, लिहीत जा. वही दाजींच्या दुकानातली आहे. पहिल्या काही पानांवर कुलपांची मापं आहेत. ती फाडली नाहीत.

आजपासून मार्गदर्शकांच्या वर्गाला जायचं आहे. गावाबाहेर दलदलीचं राखीव क्षेत्र आहे, तिथे लोक पक्षी बघायला येतात. त्यांना आत घेऊन जाण्यासाठी बिल्ला लागतो. वर्ग संपल्यावर तीन पेपर असतात, वाटा, ओळख आणि आवाज, आणि शेवटी खऱ्या लोकांना घेऊन एक चाचणी फेरी. सगळ्यात पास झालं तर बिल्ला मिळतो. फी दाजींनी भरली.

मी आठवीनंतर पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होतो. नऊ वर्षं. हिवाळ्यात कारखाना बंद पडला. फोरमनने सगळ्यांशी हात मिळवला. घरी आल्यावर ताईने विचारलं, वाईट वाटलं का. विचार केला. तसं काही आढळलं नाही.

बूट मेणाने काळपट झाले. दोन्ही सारखे व्हायला वेळ लागला.

७ मार्च

वर्गात मला नाव पडलं आहे, "शुद्धलेखन". त्याचं असं झालं. आम्हाला शिकवणारे मास्तर जुने मार्गदर्शक आहेत, आवाज घागरीतून आल्यासारखा. ते दलदलीतल्या पक्ष्यांचे आवाज फळ्यावर अक्षरांत लिहून देतात. एका लहानशा करड्या पक्ष्याचा आवाज त्यांनी "त्सिई" असा लिहिला. शेवटच्या अक्षराचा वरचा फटका पुसट होता. मी हात वर करून विचारलं, "सर, शेवटचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "पक्ष्याला विचारून सांगतो."

या पक्ष्याला मास्तर "सुई" म्हणतात, कारण आवाज इतका बारीक की कानात सुई टोचल्यासारखा वाटतो. मी वहीत लिहून घेतलं. त्सिई, दीर्घ धरून.

माझ्या शेजारी एक मुलगी बसते. तिच्याकडे स्वतःची दुर्बीण आहे, म्हणून तिला सगळे "दुर्बीण" म्हणतात. नाव म्हणून लिहितानाही "दुर्बिणीने", "दुर्बिणीला" असं ऱ्हस्वच करावं लागेल. वर्गातले बाकीचे तसं करणार नाहीत.

१२ मार्च

पहाटे उठायचं म्हणून गजराचं मनगटी घड्याळ घेतलं. वाजत नाही. दोन दिवस उशीर झाला. दुकानात परत नेलं. दुकानदाराने गजर लावून घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"वाजतंय की," तो म्हणाला.

"नाही वाजत."

त्याने ते माझ्या कानाला लावलं. मग स्वतःच्या कानाला लावलं. मग बदलून दिलं. दुसरंही तसंच निघालं. मालच खराब असावा. भांडलो नाही. आता ताई उठवते.

१६ मार्च

सुट्टी. दिवसभर खाली दाजींच्या दुकानात बसून पक्ष्यांची नावं लिहून काढली. दाजी किल्ल्या कापत होते. घरातली ती सगळ्यात शांत जागा आहे. ताई कापूस कानात घालून चहा द्यायला आली आणि म्हणाली, "तुला इथे बसवतं तरी कसं? दात शिवशिवत नाहीत?"

दाजी म्हणाले, "तो साधुपुरुष आहे. त्याला फक्त बगळे दिसतात."

२० मार्च

आज पहिल्यांदा फळ्यांच्या वाटेवरून आत गेलो. दलदलीवर लाकडी फळ्या टाकून वाट केली आहे, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी. दोन्हीकडे माणसाच्या डोक्यावर पोचणारी पाणकणसं. त्यांत रानडुकरं असतात, पिलांबरोबर असली तर अंगावर येतात, आणि फळीवरून पळायला जागा नाही.

मास्तरांनी नियम सांगितला. "सुई ओरडत असेल तोवर चालायचं. सुई गप्प झाली की थांबायचं. तिला वरून दिसतं, तुम्हाला दिसत नाही. पुन्हा सुरू झाली की मग पाऊल उचला. हा एक नियम विसरलात तर बाकीचं सगळं शिकून उपयोग नाही."

मग त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "ही बघा." सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे वळल्या. मीही वळवली. पाणकणसाच्या शेंड्यावर करडा पक्षी बसला होता. चोच उघडून बंद करत होता. मला ऐकू आलं नाही. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की कान तयार व्हायला वेळ लागतो. माझा अजून व्हायचा आहे. बगळा, पाणकोंबडी आणि घुबड यांचे आवाज मात्र लगेच जमले.

२८ मार्च

यावर्षी रातकिडे कमी दिसतात. दाजींना तसं म्हटलं. ते जिन्यात उभे होते, खिडकी उघडी होती. म्हणाले, "कमी? अरे, झोप येत नाही त्यांच्यामुळे." दाजी मस्करी करतात तेव्हा त्यांचा चेहरा हलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

३ एप्रिल

मास्तरांनी आज सगळ्यांना गोल उभं करून डोळे मिटायला लावले. नवी सुई ऐकू आली की हात वर करायचा आणि खाली घ्यायचा. ते मधे उभे राहून बघत होते.

पहिल्या वेळी मी हात वर केलाच नाही. मास्तर जवळ येऊन म्हणाले, "झोप लागली?"

दुर्बीण माझ्या डावीकडे होती. तिचं जाकीट कडक कापडाचं आहे. हात उचलला की खसखस होते, आणि ती मला स्पष्ट ऐकू येते. मग खसखस झाली की मी हात वर करायला लागलो. मास्तर म्हणाले, "आता उघडला कान."

ही फसवणूक आहे का यावर येताना बसमध्ये विचार केला. हरीण दुसऱ्या हरणाचे कान टवकारलेले बघून सावध होतं, असं मास्तरांनीच शिकवलं आहे. खरं शिकेपर्यंत चालेल असं ठरवलं.

१० एप्रिल

रोज दुर्बिणीच्या उजवीकडे उभा राहतो. उन्हाळा आला तरी ती जाकीट घालते, तिला डास चावतात म्हणून. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ताईला सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान." मग भांडी आवरायला गेली.

१७ एप्रिल

डोळे मिटून उभे होतो. खसखस झाली. हात वर केला. पुन्हा झाली. पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. डोळे उघडले. गोलात फक्त माझा हात वर होता. दुर्बीण हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मास्तर तेव्हा पाठमोरे उभे राहून लांब पाण्याकडे बघत होते, त्यांना दिसलं नाही.

सुटल्यावर ती सायकल घेऊन माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत आली.

"पक्षी नव्हताच," ती म्हणाली.

"मला वाटलं होता."

"काय होतं ते सांगू? माझा हात होता. मुद्दाम वर केला. आठवडाभर बघतेय, मी केला की तू करतोस. काय रे शुद्धलेखन, तुला ऐकू येतं की नाही?"

"येतं. तुझं ऐकू येतंय ना."

"माझं कुणालाही ऐकू येतं. सुई येते?"

मी म्हटलं, कान अजून तयार झालेला नाही.

तिने सायकल स्टँडवर लावली. खिशातून किल्ल्या काढून माझ्या कानाजवळ हलवल्या. मग दोन्ही हातांत लपवून विचारलं, कुठल्या हातात वाजतायत. मी डावा म्हटलं. तिने उजवी मूठ उघडून दाखवली. किल्ल्या खिशात टाकून म्हणाली, "डॉक्टरला दाखव. उद्या नको, आजच. आणि तोवर मास्तरांना मी काही सांगत नाही, पण तू मागे पाच माणसं घेऊन त्या फळीवर गेलास ना, तर मात्र सांगेन."

बस आली. मी तिला थँक्यू म्हणालो. कशाबद्दल ते माहीत नाही.

२६ एप्रिल

फोरमनचा निरोप आला. दुसऱ्या गावात नवीन शेड टाकली आहे, प्रेस तीच. जुना माणूस हवा आहे. पगार आधीपेक्षा जास्त. महिनाअखेरपर्यंत थांबू शकतात, मे महिन्याच्या.

दाजी म्हणाले, "बरं आहे, हाताशी असू दे. पक्षी काय, कधी उडतील सांगता येत नाही."

ताई म्हणाली, "त्याला ठरवू दे की."

दाजी म्हणाले, "मी कुठे अडवतोय."

मी दुधाचं पातेलं उतरवलं. नाहीतर उतू गेलं असतं.

४ मे

ताईकडून पैसे घेतले आणि कानाच्या दवाखान्यात गेलो. तिने कशासाठी ते विचारलं नाही.

लहान खोली, भिंतींना जाड स्पंज. बाईंनी कानांवर मोठे हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. घूं आवाज आले. दाबलं. मग थोडे उंच आले. दाबलं. मग आवाज यायचे थांबले. मी बटण धरून बसलो. काचेपलीकडे बाई काहीतरी फिरवत होत्या आणि लिहीत होत्या. मग त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "झालं."

मी विचारलं, "पुढचं कधी सुरू होणार?"

त्या म्हणाल्या, "ते होऊन गेलं."

नंतर डॉक्टरांनी तक्ता दाखवला. एक रेघ सरळ जाते आणि मग खाली पडते, टेबलाच्या कडेवरून काही पडावं तशी. दोन्ही कानांची सारखीच. प्रेसमुळे, म्हणाले. बारीक आवाज गेले आहेत, ते परत येत नाहीत. जाड आवाज आहेत. यंत्राने थोडा फरक पडेल, पक्ष्यांसाठी फारसा नाही. पुन्हा तशा कामावर गेलो तर माणसांचं बोलणंही जाईल. कारखान्यात कानाला काही लावायला दिलं होतं का, असं विचारलं. मी सांगितलं, आम्ही खुणांनी बोलायचो, काही अडचण आली नाही.

कागदावर "तपासणी" हा शब्द "तपासनी" असा लिहिला होता. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो. घरी आल्यावर पेनाने ण केला.

५ मे

आज वर्गात गेलो. सगळं तसंच आहे.

१५ मे

तिन्ही पेपर झाले. वाटा आणि ओळख चांगले गेले. आवाजाच्या पेपरला टेबलावर एक स्पीकर ठेवला होता. आवाज लागायचा आणि नाव लिहायचं. घुबड, बगळा, पाणकोंबडी, बदकं लिहिली. मधे मधे स्पीकर गप्प असायचा आणि सगळ्यांची पेनं चालायची. तिथे मी रेघ मारत गेलो.

एका रेघेच्या वेळी दुर्बिणीने कागद माझ्याकडे तिरका केला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "सूई". दीर्घ. मी बघितलं आणि रेघ मारली. चुकीचं लिहिलं होतं म्हणून नव्हे.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दिसलं नाही का तुला? आता डोळेही गेले?"

मी म्हटलं, सुई ऱ्हस्व असते.

ती म्हणाली, "तुझ्या डोक्यावर घालू का ही दुर्बीण?"

मग आम्ही चाचणी फेरीचं ठरवलं. तेव्हा मास्तर तपासायला बरोबर असतात आणि एक शिकाऊ मदतीला घेता येतो. ती माझ्या पाठीमागे चालेल. सुई चालू असली की माझ्या पिशवीचा पट्टा धरून ठेवेल, गप्प झाली की सोडेल. ती म्हणाली, असं एकदाच, बिल्ला मिळाल्यावर काय करणार ते तू बघ. मी म्हटलं, बरं.

२२ मे, रात्री

आज चाचणी फेरी झाली. एक म्हातारं जोडपं, एक शिक्षिका, एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. सगळ्यांत मागे मास्तर, हातात पेन्सिल.

सुरुवातीला ठीक चाललं. फळ्या कशा टाकल्या ते सांगितलं, पाण्यातले माग दाखवले, डुकराच्या पिलाचा खूर केवढा असतो ते दाखवलं. दुर्बिणीने पट्टा धरलेला होता. सुईचा नियम सांगितला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "किती गोड आहे हो. आता बघा, त्या बाजूलाही लागला. या दोघांत नर कुठला?"

मी कुठली बाजू ते बघितलं. त्या बोट न दाखवता नुसत्या हसून बघत होत्या. दुर्बिणीने पट्टा एकदा ओढला, पण त्यावरून बाजू कळत नाही, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. सगळे थांबले. मागे फळी वाजली, मास्तरांनी पायावरचा भार बदलला असावा.

मी म्हणालो, "मला या पक्ष्याचा आवाज ऐकू येत नाही."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आत्ता येत नाही का?"

"कधीच नाही. कान गेलेत, तेवढ्या आवाजापुरते. तुम्हाला ऐकू येतोय ना? मग असं करा, ऐकू येईल तोवर एक हात वर ठेवा. थांबला की खाली. मी तुमच्याकडे बघून चालेन."

ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पैसे आम्ही द्यायचे आणि ऐकायचंही आम्हीच?"

मी म्हटलं, "हो."

ते हसले. त्यांच्या मुलीने हात वर केला. मग बाकीच्यांनी केले. दुर्बिणीने पट्टा सोडून हात वर केला. शेवटी मास्तरांनी पेन्सिलीसकट केला.

मी थोडं चालायचो आणि वळून बघायचो. हात वरच. पुढच्या वळणावर बघितलं, वरच. मला वाटायचं नळ ठिबकतो तसं असेल, एक थेंब, मग वेळ, मग एक थेंब. तसं नव्हतं. आजोबांचा हात दुखायला लागला तेव्हा आजींनी त्यांचं कोपर खालून धरलं. गृहस्थांनी हात बदलला. कुणी खाली घेईना. इतके दिवस मी इथून चाललो तेव्हा हे सगळा वेळ चालू होतं.

मोठ्या वळणाच्या अलीकडे वळलो तर सगळे हात एकदम खाली आले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी मूठ वर करून थांबवलं. उभे राहिलो. पाणकणसं हलत नव्हती. मला जसं नेहमी असतं तसंच होतं, पण त्यांचे चेहरे बदलले होते. मुलीने बापाचा शर्ट धरला होता.

काही आलं नाही. काही दिसलंही नाही. बऱ्याच वेळाने मुलीचा हात हळूच वर गेला, मग शिक्षिकाबाईंचा, मग सगळ्यांचे. मी पाऊल उचललं.

दारापाशी आल्यावर आजोबांनी विचारलं, "काय होतं हो ते?" मी म्हटलं, माहीत नाही, दिसलं नाही. ते म्हणाले, "पण होतं काहीतरी." मी म्हटलं, "हो."

लोक गेल्यावर दुर्बीण म्हणाली, "ठरलं होतं काय आणि केलंस काय." मग म्हणाली, "माझा दंड भरून आला," आणि सायकल घेऊन गेली.

मला काय वाटलं ते लिहायला बराच वेळ पेन धरून बसलो. हात दिसतात. दुसरं काही येत नाही.

२४ मे

मास्तरांनी आत बोलावलं. माझे पेपर समोर होते.

"आवाजात नापास आहात. रेघा व्यवस्थित मारल्यात."

"पट्टी नव्हती, सर."

त्यांनी पेपर बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कान उघडला म्हणालो होतो मी. सगळ्यांसमोर. मी जवळ उभा होतो आणि मला कळलं नाही. बिल्ला देता येणार नाही. नियम आहे, आणि तो मीच लिहिलाय. एकदा सुई थांबल्यावर चार पावलं जास्त गेलो होतो, माझ्यामागचा माणूस अजून लंगडतो."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"मागचा माणूस म्हणून घेऊ शकतो. पुढे बिल्लेवाला, तुम्ही शेवटी. कोण मागे राहतंय, कोण घाबरलंय, कोणाचा पाय फळीवरून सरकतोय ते बघायचं. पगार अर्धा. हात वर करायची पद्धत ठेवा. परवा मी स्वतः नीट ऐकलं, हात दुखला म्हणून." मग म्हणाले, "आणि ते विचारत होतात ना, दीर्घच आहे. चांगला लांबलचक."

दुर्बीण पास झाली. एक तारखेपासून ती पुढे, मी मागे. ती म्हणाली, "मागे नीट चाल, आणि माझ्या चुका काढायच्या नाहीत." मी म्हटलं, लिहिण्यातल्या काढेन.

३० मे, संध्याकाळ

फोरमनला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. दुसरीकडे लागलो म्हटलं. पलीकडे प्रेस चालू होती, ती मला व्यवस्थित ऐकू आली. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ ऐकू येत होती.

महिना संपला म्हणून हिशेब लिहून ठेवतो.

खर्च झाला:
वर्गाची फी ४,०००
बूट आणि मेण ९५०
घड्याळ २२०
बसभाडं ६६०
कानाची तपासणी ६००
एकूण ६,४३०

देणं आहे:
दाजींचे ४,०००. अर्ध्या पगारातून थोडे थोडे देईन म्हटलं. ते म्हणाले, व्याज म्हणून दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासून दे.
ताईचे ६००. कशासाठी घेतले होते ते आज तिला सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली नाही. म्हणाली, "ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. म्हणून तर मी तुला लांबून हाक मारत नाही, जवळ येऊन खांद्याला हात लावते." माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं तिची सवय आहे.
एकूण ४,६००